ग्रांथिक इंग्रजी आणि बोलकी इंग्रजी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील अध्यापनाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी माध्यमातून शिकणारा विद्यार्थी दहा-बारा वर्षे इंग्रजीचा अभ्यास करतो. पाठ्यपुस्तकातील उतारा त्याला समजतो, निबंध लिहिता येतो, व्याकरणाचे प्रश्न सोडविता येतात. परंतु दोन इंग्रजी भाषक आपसांत सहज बोलू लागले की त्याच विद्यार्थ्याला त्या बोलण्यातील चार शब्दही धड ओळखू येत नाहीत. या अपयशाची कारणे सांगताना शब्दसंग्रहाचे दारिद्र्य, आत्मविश्वासाचा अभाव आणि ग्रामीण शाळेतील अपुऱ्या सोयी या तीन गोष्टींचा उल्लेख बहुधा होतो. तिन्हींत तथ्यांश आहे. तथापि एका मूलभूत गोष्टीची त्यांमुळे उपेक्षा होते. विद्यार्थ्याला जी भाषा शिकविली गेली ती आणि जी त्याच्या कानी पडली ती, या दोहोंची घडणच भिन्न आहे. जे शिकविलेच नाही ते आले नाही, याबद्दल विद्यार्थ्याला दोष देणे न्यायाचे नाही.

ग्रांथिक भाषा आणि बोलभाषा यांतील हे अंतर मराठी वाचकास अपरिचित नाही. एखाद्या परदेशी अभ्यासकाने मराठीचे व्याकरण उत्तम आत्मसात केले आणि ‘तू काय करीत आहेस?’ हे वाक्य तोंडपाठ केले, तरी नागपूरच्या पूर्वेस ‘का करून रायला?’ हा प्रश्न कानी पडताच तो गोंधळून जाईल. ‘पाहिजे’चे ‘पायजे’, ‘नाहीतर’चे ‘नायतर’ कसे होते, हे त्याला कोणत्याही व्याकरणाने सांगितलेले नसते. झाडीबोलीच्या प्रदेशात तर ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. ज्याच्या घरात ही बोली आहे तो शाळेत प्रमाण मराठी शिकतो तेव्हा लिहिण्याची भाषा एक आणि बोलण्याची दुसरी, हे सत्य त्याला अनुभवाने ठाऊक असते. इंग्रजीच्या बाबतीत मात्र त्याला हे कोणी सांगत नाही. पुस्तकात छापलेली इंग्रजी म्हणजेच संपूर्ण इंग्रजी, अशी त्याची समजूत करून दिली जाते.

प्रस्तुत लेखात ही समजूत ज्या पाठपरंपरांतून रूढ झाली त्यांचे परीक्षण करावयाचे आहे आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या भाषिक परिस्थितीच्या कसोटीवर त्या पारखून घ्यावयाच्या आहेत. हा प्रदेश निवडण्यास सबळ कारण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ लोकसंख्येचा असून त्यांतील सुमारे ३८.७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. येथील अनेक मुलांच्या बाबतीत इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी अथवा चौथी भाषा ठरते. दुसरीकडे, ताडोबासारख्या अरण्यामुळे याच प्रदेशातील काही तरुणांना बोलक्या इंग्रजीशी रोजचा व्यवहार करावा लागतो. प्रश्न पोटापाण्याशी निगडित असल्यामुळे तो केवळ शास्त्रीय राहत नाही.

२. तीन पाठपरंपरा

महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनात स्थूलमानाने तीन परंपरा दिसतात. पहिली भाषांतराची. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. नियम द्यावा, त्याखाली सुटी वाक्ये द्यावीत, विद्यार्थ्याने ती मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करावीत, असा तिचा क्रम. या पद्धतीने अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचनेची शिस्त लाविली, हे ऋण मान्य करावेच लागेल. पण तिच्यातील वाक्य हे कोणी कोणास उद्देशून बोललेले नसते. त्याला बोलणारा नाही, ऐकणारा नाही, प्रसंग नाही. ज्या वाक्याला प्रसंग नाही त्याला औपचारिक किंवा अनौपचारिक हा भेदही लागू पडत नाही. भाषांतर-परंपरेने बोलकी इंग्रजी नाकारली असे म्हणता येणार नाही. ती तिच्या दृष्टीच्या कक्षेतच कधी आली नाही.

या वृत्तीला शास्त्रीय समर्थनही लाभले. बंगालमध्ये काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मधील आपल्या द्वैभाषिकतेवरील ग्रंथात भारतीय विद्यार्थ्याची खरी गरज वाचनाची आहे, सबब वाचनास अग्रक्रम द्यावा, असे प्रतिपादन केले. त्या काळी खेड्यातील मुलाला इंग्रज माणसाशी गप्पा मारण्याचा प्रसंग येण्याचा संभव फारच थोडा होता, हे लक्षात घेता वेस्ट यांचा निष्कर्ष अव्यवहार्य नव्हता. पण गरज बदलली तरी तिच्यावर आधारलेली रीत टिकून राहिली, हा पुढील इतिहासाचा दोष होय.

दुसरी परंपरा वाक्यसाच्यांची. स्वातंत्र्यानंतर रचनावादी पद्धतीचा प्रसार झाला. १९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने शिक्षक-प्रशिक्षणास मोठी चालना दिली. या पद्धतीत तोंडी सरावास महत्त्व आले. तथापि तोंडाने म्हटलेली प्रत्येक गोष्ट बोलभाषा असतेच असे नाही. ‘धिस इज अ बुक, दॅट इज अ पेन’ ही वाक्ये वर्गात मोठ्याने म्हटली तरी ती लेखी भाषाच राहतात. कारण समोर दिसणाऱ्या पुस्तकाला ‘हे पुस्तक आहे’ असे सांगण्याची वेळ कोणत्याही संभाषणात सहसा येत नाही. पूर्ण वाक्यात उत्तर देण्याचा वर्गातील दंडक याच परंपरेत दृढ झाला. ‘वेअर डू यू लिव्ह?’ या प्रश्नास ‘आय लिव्ह इन मूल’ असे उत्तर मिळाल्याविना शिक्षकाचे समाधान होत नाही. प्रत्यक्ष संभाषणात ‘मूल’ किंवा ‘इन मूल’ एवढेच उत्तर स्वाभाविक असते, आणि प्रत्येक प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देणारा माणूस एक तर रागावलेला वाटतो किंवा साक्ष देत असलेला वाटतो. मराठीत ‘जेवलास?’ या प्रश्नाला ‘होय, मी जेवलो आहे’ असे उत्तर कोणी देऊ लागला तर ऐकणारा चमकेल. जो संक्षेप मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलाच आहे, तोच इंग्रजीत दोष म्हणून खोडून काढण्यात आला.

तिसरी परंपरा संप्रेषणाची. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि बालगीते, आज्ञा, लहान संवाद यांना प्राथमिक वर्गांत स्थान मिळाले. दिशा योग्यच होती. परंतु पाठ्यपुस्तकातील संवाद हा बोलण्याचे लेखी अनुकरण असतो. त्यातील पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत नाहीत, अडखळत नाहीत, अर्धे वाक्य सोडून दुसरे सुरू करीत नाहीत. शिवाय परीक्षा मुख्यतः लेखी असल्यामुळे जे गुणांकित होते तेच शिकविले जाते. वरच्या इयत्तांत पोहोचेपर्यंत गीते आणि संवाद मागे पडतात व पुन्हा उतारा, प्रश्नोत्तरे आणि पत्रलेखन यांचेच राज्य सुरू होते.

या तिन्ही परंपरांत साम्य आहे ते हे की त्यांनी बोलक्या भाषेला लेखी भाषेची सैल, दुय्यम आवृत्ती मानले. हेन्री स्वीट यांनी १८८५ मध्येच जर्मन विद्यार्थ्यांसाठी बोलक्या इंग्रजीचे पाठपुस्तक सिद्ध केले होते आणि हॅरल्ड पामर यांचे बोलक्या इंग्रजीचे व्याकरण १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलीला स्वतःचे नियम असतात, हा विचार नवा नाही. तो वर्गापर्यंत पोहोचला नाही, एवढेच.

३. बोलीचे व्याकरण

अनौपचारिक इंग्रजी समजण्यास कठीण जाते ती प्रामुख्याने तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण उच्चाराचे. इंग्रजीत आघात असलेले अक्षर ठळक उमटते व बाकीची अक्षरे आक्रसतात. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू?’ हे पुस्तकातील सहा शब्द बोलण्यात ‘वॉचा गना डू?’ असे तीन घासांत संपतात. ‘अँड’चा केवळ ‘न्’ उरतो, ‘ऑफ’चा ‘अ’, ‘हिम’चा ‘इम’. ज्याने हे शब्द पूर्ण उच्चारांनिशीच पाठ केले आहेत, त्याला ते ऐकू येऊनही ओळखता येत नाहीत. जिलियन ब्राउन यांनी १९७७ मध्ये बोलकी इंग्रजी ऐकण्याविषयी जे पुस्तक लिहिले त्याचा रोख नेमका येथे होता : विदेशी विद्यार्थी सावकाश, सुस्पष्ट इंग्रजीवर वाढतो आणि नैसर्गिक गतीच्या बोलण्यापुढे निराधार होतो. मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नाही आणि आघात नसलेले स्वरही बहुधा स्पष्ट राहतात. त्यामुळे आक्रसलेले अक्षर शोधण्याची सवय मराठी कानाला नाही. परंतु ‘करवत’ या शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहिला तरी उच्चारला जात नाही, हे मराठी मूल न शिकविताच जाणते. लेखनातील प्रत्येक खूण उच्चारात उमटत नाही, या ज्ञानाचा आधार इंग्रजीच्या अध्यापनात घेता आला असता. तो घेतला गेला नाही.

दुसरे ठिकाण वाक्याचे. बोलीत कर्ता व साहाय्यक क्रियापद गळते : ‘यू कमिंग?’, ‘सीन एनीथिंग?’ प्रश्नाचा अर्थ केवळ स्वराच्या चढावर तोलला जातो. एखादे नाम प्रथम उच्चारून मग त्याविषयी विधान केले जाते : ‘दॅट ड्रायव्हर, ही न्यू द रोड.’ रोनाल्ड कार्टर व मायकेल मॅकार्थी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत व्याकरणात अशा रचनांना नियमाचा दर्जा दिला. ‘तो ड्रायव्हर, त्याला रस्ता माहीत होता’ असे बोलणाऱ्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. ती परकी वाटते, कारण इंग्रजीच्या तासाला ती चूक म्हणून लाल शाईने अधोरेखित झालेली असते.

तिसरे ठिकाण क्रियापदांचे. ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’, ‘रन आउट ऑफ’ यांसारखी जोडक्रियापदे बोलक्या इंग्रजीचा कणा होत. विद्यार्थ्याला ‘टॉलरेट’ व ‘इन्व्हेस्टिगेट’ हे अवघड वाटणारे शब्द येतात. पण सोप्या शब्दांची ही जोडी त्याला चकविते. येथेही मराठीचे साहाय्य होऊ शकते. ‘वाचून टाकले’, ‘वाचून ठेवले’ आणि ‘वाचून घेतले’ यांतील फरक व्याकरणाच्या पुस्तकातून समजावून सांगणे किती कठीण आहे, आणि मराठी मूल तो किती सहज वापरते! एका साध्या क्रियापदाने दुसऱ्याचा अर्थ कसा वळतो, हे ज्याला स्वभाषेत अवगत आहे, त्याला इंग्रजीतील समांतर व्यवस्था दाखविणे अशक्य नाही.

४. उच्चाराभ्यासाची मर्यादा

मराठी भाषकाच्या इंग्रजीचा शास्त्रीय विचार करताना अशोक रा. केळकर यांच्या १९५७ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात आलेल्या ‘मराठी इंग्लिश’ या निबंधाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. परकीय लकब म्हणजे अज्ञानातून घडलेल्या चुकांचा ढीग नसून मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून निष्पन्न झालेली एक सुसंगत व्यवस्था होय, ही दृष्टी त्यातून मिळाली. रा. कृ. बन्सल यांनी १९६९ मधील आपल्या प्रबंधिकेत भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते याची मोजणी केली आणि शब्दाघात व लय यांतील फरक हे दुर्बोधतेचे मोठे कारण असल्याचे दाखविले. दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत.

परंतु त्यांच्या उपयोगाला दोन मर्यादा पडतात. एक अशी की दोन्ही अभ्यास भारतीय माणूस कसा बोलतो याविषयी आहेत. तो काय ऐकतो व त्याला ते कसे समजते, ही बाजू तशीच राहते. बोलक्या इंग्रजीत प्रथम अडतो तो कान, जीभ मागाहून. दुसरी मर्यादा अशी की ‘मराठी भाषक’ हा घटक या वनप्रदेशात एकसंध नाही. भामरागड-एटापल्लीकडील माडिया बोलणारे मूल प्रमाण मराठी शाळेत शिकते व त्या मराठीतून इंग्रजीकडे जाते. त्याच्या इंग्रजीवर माडियाची, बोलक्या मराठीची आणि शाळेतील ग्रांथिक मराठीची अशी तीन संस्कारांची पुटे चढलेली असतात. त्याच्या अडचणींचा उलगडा केवळ मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरून करू पाहणे म्हणजे मधल्या एका पायरीलाच संपूर्ण जिना समजणे होय.

५. उलट दिशेचा इतिहास

या प्रदेशात बोलभाषा शिकण्याचा एक जुना इतिहास आहे आणि तो उलट दिशेचा आहे. येथे बाहेरून आलेल्यांनी येथील बोली शिकल्या. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची टिपणे त्यांच्या निधनानंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित केली. त्यांत गोंडी शब्दसंग्रह व लिंगोचे गीत आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात गोंडीचे विवेचन आले. १९१३ मध्ये लिंड यांचे माडियाचे पाठपुस्तक पुणे जिल्ह्यातील केडगाव येथून निघाले. बेतूलकडील गोंडीचे चेनेविक्स ट्रेंच यांचे व्याकरण १९१९ मधील आहे.

या साहित्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले असता एक बोधप्रद गोष्ट आढळते. भाषा-सर्वेक्षणाने प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून घेतली. तुलनेसाठी एकच मजकूर हवा, ही भूमिका समजण्याजोगी आहे; पण भाषांतरात बोली अवघडते, तिची वाक्ये मूळ मजकुराच्या चालीने चालू लागतात. सर्वेक्षणात त्याच्या जोडीला स्थानिक कथा वा निवेदने घेतली गेली, तेथेच बोली मोकळी होते. म्हणजे भाषांतर-पाठमालेने इंग्रजीबाबत जे केले तेच भाषांतरित नमुन्याने गोंडीबाबत केले. दोष कोणा एका भाषेचा नव्हे, प्रसंगावाचून वाक्य घेण्याच्या रीतीचा आहे.

याउलट ज्यांना बोलीवाचून गत्यंतरच नव्हते, त्यांचा मार्ग निराळा झाला. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना माडिया शिकल्याविना रोग्याशी बोलणेच शक्य नव्हते. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, औषध घेतले की नाही, या प्रश्नोत्तरांतून शिकलेली भाषा प्रथमपासूनच प्रसंगाला बांधलेली असते. ऐकणे आधी, बोलणे नंतर. चूक झाली तर समोरचा माणूस हसून दुरुस्त करतो. आणि तीच वाक्ये नित्य परत येतात.

या प्रदेशातील सामान्य माणसाची बहुभाषिकताही याच रीतीने घडली आहे. सिरोंचाकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, सर्वत्र गोंडी-माडिया आणि झाडीबोली. आठवडी बाजारात मीठ, मोह, कोंबडी यांचा सौदा करताना माणूस दुसऱ्याची भाषा उचलतो. त्यासाठी त्याने व्याकरण वाचलेले नसते आणि त्याची परीक्षाही कोणी घेतलेली नसते. अशा प्रदेशातील मुलांविषयी ‘यांना भाषा जमत नाहीत’ असे विधान शिक्षणक्षेत्रात केले जाते, तेव्हा ते वस्तुस्थितीच्या नेमके विरुद्ध असते. ज्या परिस्थितीत भाषा येते ती परिस्थिती इंग्रजीच्या तासाला उपलब्ध नसते, एवढाच त्याचा अर्थ.

६. ताडोबाची कसोटी

ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मधील अंधारी अभयारण्यासह तो आज व्याघ्रप्रकल्प आहे. मोहर्ली, कोलारा इत्यादी प्रवेशद्वारांतून पर्यटकांची वाहने आत जातात आणि त्यांबरोबर आसपासच्या गावांतील तरुण गाईड म्हणून असतात. परदेशी पर्यटक वाहनात असला म्हणजे बोलक्या इंग्रजीची खरी परीक्षा सुरू होते.

गाईडने पाठ केलेली माहिती त्याला सफाईने सांगता येते : उद्यानाचे क्षेत्र, प्राण्यांची नावे, वाघाच्या सवयी. अडचण येते ती पर्यटकाने मध्येच प्रश्न केला म्हणजे. ‘हँग ऑन, व्हॉट्स दॅट ओव्हर देअर?’ ‘एनी लक धिस मॉर्निंग?’ ‘हाउ कम दे’व्ह ऑल गॉन क्वाएट?’ शेवटच्या प्रश्नाचा अर्थ ‘सगळे अचानक शांत का झाले?’ एवढा साधा आहे आणि त्याचे उत्तर त्या गाईडइतके चांगले दुसरे कोणी देऊ शकणार नाही. चितळाचा इशारा, वानराची खाकर, सांबराची आरोळी यांचा अर्थ त्याला लहानपणापासून कळतो. परंतु ‘हाउ कम’ म्हणजे ‘व्हाय’, हे त्याला कोणत्याही इयत्तेत सांगितले गेले नाही. शिवाय वनात बोलणे दबक्या आवाजात होते, त्यामुळे आधीच आक्रसलेली अक्षरे अधिकच पुसट होतात. परिणाम असा की ज्याचे ज्ञान सर्वांत अस्सल तो गप्प राहतो, आणि ज्याला जंगल कमी व इंग्रजी अधिक येते त्याचा शब्द प्रमाण ठरतो. भाषाध्यापनातील उणिवेची किंमत येथे ज्ञानाला व प्रतिष्ठेला मोजावी लागते.

येथे शब्दांचाही एक प्रश्न आहे. पुस्तकात ‘लेपर्ड’ असतो. जुन्या शिकारी परंपरेतील इंग्रजीत ‘पँथर’. पुस्तकात ‘गौर’, बोलण्यात ‘बायसन’. दुसऱ्या बाजूने ‘जंगल’, ‘मचाण’, ‘नाला’, ‘शिकारी’ हे शब्द इंग्रजीनेच आपल्याकडून उचलले आहेत. अरण्याविषयीच्या बोलक्या इंग्रजीत या प्रदेशातील माणसाची काही मालमत्ता आधीपासूनच जमा आहे. ही जाणीव करून दिल्यास भाषेविषयीचा संकोच बराच कमी होण्यासारखा आहे.

७. आदराचा प्रश्न

अनौपचारिक इंग्रजी शिकवावी म्हटले की एक आक्षेप येतो : अशाने विद्यार्थी उर्मट बोलू लागतील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मराठीत आदर सर्वनामांत व क्रियारूपांत असतो. ‘पाणी द्या’ या दोन शब्दांत आज्ञार्थ असूनही उद्धटपणा नाही, कारण ‘द्या’ या रूपानेच आदर व्यक्त झाला. त्याचे ‘गिव्ह मी वॉटर’ असे भाषांतर झाले की आदर गळून केवळ आज्ञा उरते. इंग्रजीत ‘यू’ एकच. म्हणून आदर आडवळणाने व्यक्त होतो : ‘कुड आय हॅव सम वॉटर?’ अथवा ‘आय वॉज वंडरिंग इफ...’ भूतकाळाचे रूप येथे काळ दाखवीत नसून अदब दाखविते. भाषांतर-परंपरेत शिकलेला विद्यार्थी म्हणूनच मनात अत्यंत नम्र असून कानाला उद्धट वाटू शकतो. औपचारिक-अनौपचारिकाचा विवेक शिकविल्याने उर्मटपणा वाढत नाही. तो न शिकविल्याने मात्र निष्कारण गैरसमज होतात.

मार्टिन जूस यांनी १९६२ मध्ये इंग्रजीच्या शैलींचे पाच स्तर सांगितले. गोठलेली, औपचारिक, विचारविनिमयाची, सैल आणि जिव्हाळ्याची. या वर्गीकरणाचा अध्यापनाला होणारा उपयोग असा की समजण्याची सीमा आणि बोलण्याची सीमा वेगवेगळ्या आखता येतात. गाईडने किंवा मुलाखतीस गेलेल्या पदवीधराने सैल शैली समजून घेतलीच पाहिजे. बोलताना मात्र त्याने विचारविनिमयाच्या शैलीत राहावे हेच इष्ट. पाहुण्याने पहिल्या नावाने हाक मारण्याचा आग्रह केला तरी येथील तरुणाला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणणेच जमते. त्यात सुधारण्यासारखा दोष नाही. चित्रपटातून वा भ्रमणध्वनीवरून उचललेली जिव्हाळ्याची, क्वचित शिवराळ, इंग्रजी अनोळखी माणसापाशी वापरणे हा खरा धोका आहे. आज ऐकण्याची साधने खेडोपाडी पोहोचली आहेत. पण ध्वनिफितीतील कोणते वाक्य कोणी कोणास म्हणावे, हे यंत्र सांगत नाही. ते शिक्षकाने सांगावयाचे असते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून बोलक्या इंग्रजीच्या कोणत्याही पाठ्यसाहित्याचे परीक्षण करताना चार कसोट्या लावणे योग्य ठरेल. त्यातील वाक्यास बोलणारा, ऐकणारा व प्रसंग आहे काय? नैसर्गिक गतीचे, आक्रसलेल्या उच्चारांचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानी पडते काय? समजण्याची आणि बोलण्याची मर्यादा वेगळी राखली आहे काय? आणि विद्यार्थ्याच्या स्वभाषेतील, मग ती मराठी असो, झाडीबोली असो वा माडिया असो, समांतर व्यवहाराचा आधार घेतला आहे काय? भाषांतर-परंपरा पहिल्याच कसोटीवर अडते; वाक्यसाच्यांची परंपरा दुसरीवर; संप्रेषणाची परंपरा तिसरीपर्यंत कशीबशी पोहोचते. चौथी कसोटी तिन्हींपैकी एकीनेही मनावर घेतलेली नाही. भाषांतर-परंपरेत मराठी होती हे खरे, पण ती ग्रांथिक मराठी होती.

चौथी कसोटी या प्रदेशात सर्वाधिक महत्त्वाची आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, त्यामागे मुलाच्या घरच्या भाषेला शाळेत स्थान असावे ही मागणी होती. ती इंग्रजीविरोधी आहे असे समजणे चुकीचे होईल. घरची बोली आणि शाळेची भाषा यांतील अंतर ज्याने उघड्या डोळ्यांनी ओलांडले, त्याला इंग्रजीतील ग्रंथ आणि बोली यांचे अंतरही ओलांडता येते. ज्याची घरची बोली शाळेने अशुद्ध ठरविली, त्याला मात्र प्रत्येक भाषेची बोली अशुद्धच वाटत राहते, आणि मग ती ऐकण्याची त्याच्या कानाची तयारीच राहत नाही.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात. येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात भाषा कशी उचलली जाते, गाईडला कोणते प्रश्न समजतात व कोणते समजत नाहीत, माडिया बोलणाऱ्या मुलाच्या कानाला इंग्रजीचे कोणते अक्षर निसटते, यांची पद्धतशीर नोंद झाली तर वर सुचविलेल्या कसोट्यांना अनुभवाचा आधार मिळेल आणि पाठ्यपुस्तक रचणाऱ्यांना काहीतरी ठोस हाती देता येईल. तोपर्यंत वर्गातील शिक्षकाला एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे : पूर्ण वाक्याचा आग्रह लेखी उत्तरापुरता ठेवावा, आणि तोंडी उत्तर एका शब्दाचे असले तरी ते बरोबर असल्यास बरोबर म्हणावे.